शून्य कुठे धरायचं? अंगावरच्या सेन्सरने रुग्णाची बैठक मोजायला शिकताना

पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फिजिओथेरपिस्टचा बराच वेळ एका साध्या दिसणाऱ्या कामात जातो: रुग्णाला आधाराशिवाय सरळ बसवणं. माणूस एका अंगावर कलतो, सावरतो, पुन्हा कलतो. समोर उभ्या असलेल्या थेरपिस्टला तो कल दिसतो. पण तो आठ अंशांचा होता की बारा, कालच्यापेक्षा कमी झाला का, आणि थेरपिस्ट निघून गेल्यावर उरलेल्या दिवसात काय झालं, हे नुसत्या नजरेनं सांगता येत नाही. अंगावर लावायचा छोटा हालचाल-सेन्सर इथे उपयोगी पडतो.

हा लेख नव्याने या कामात पडणाऱ्यांसाठी आहे: इंटर्नशिप करणारे फिजिओ आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून असं काही बनवू पाहणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. उदाहरण मी मुख्यतः पक्षाघाताच्या रुग्णाच्या धडाचं घेतलं आहे, कंबरदुखीचं थोडं. दोन्ही बाजूंच्या मंडळींना सुरुवातीलाच कळकळीनं सांगतो. कोन काढणं सोपं आहे, त्याचा कोड तयार मिळतो. तो कोन कशापासून मोजला, म्हणजे शून्य कुठे धरलं, यावर सगळा खेळ आहे. तिथे चुकलात तर आलेख कितीही देखणा आला तरी रुग्णाच्या काही कामाचा नाही.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

सेन्सर विकत घेण्याआधी थेरपिस्टसोबत बसा आणि कागदावर एक वाक्य लिहा. "पोश्चर मॉनिटर करायचं" हा प्रश्न होत नाही. प्रश्न असे असतात:

"रुग्ण पाच मिनिटं पलंगाच्या कडेला बसला तर त्यातला किती वेळ तो डावीकडे दहा अंशांपेक्षा जास्त कललेला असतो?"

"समोरचा पेला उचलताना हात लांब करण्याऐवजी तो छाती किती पुढे नेतो?"

"कंबरदुखीची रुग्ण खाली वाकते तेव्हा वाक कमरेत किती येतो आणि खुब्यात किती?"

पहिल्या प्रश्नाला एक सेन्सर पुरतो, छातीवर. दुसऱ्यालाही एकच. तिसऱ्याला दोन लागतात, कारण तिथे दोन हाडांमधला फरक हवा आहे. प्रश्न ठरला की जागा ठरते, सेन्सरची संख्या ठरते, सेकंदाला किती नोंदी घ्यायच्या तेही ठरतं. उलट्या क्रमानं गेलेले प्रोजेक्ट मी बरेच पाहिले आहेत. आठ सेन्सर लावलेले असतात आणि त्यातल्या सहांचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं.

दुसरा प्रश्न थोडा उलगडून सांगतो, कारण तो फार महत्त्वाचा आहे. अर्धांगवायू झालेला हात कोपरात नीट सरळ होत नाही, तेव्हा रुग्ण धड पुढे झुकवून वस्तूपर्यंत पोहोचतो. काम होतं, घरच्यांना बरं वाटतं, पण कोपर आणि खांदा जिथल्या तिथेच राहतात. मॉन्ट्रियलच्या मिंडी लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. त्यात धड पट्ट्यानं खुर्चीला बांधून हाताला काम करायला लावण्याची पद्धतही आहे. छातीवरचा एक सेन्सर ही झुकण्याची पळवाट लगेच उघडी पाडतो.

सामान

फुकटात सुरुवात करायची तर खिशातला फोन घ्या. सेन्सर तोच असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप घ्या, त्यातला कल मोजायचा प्रयोग उघडा, फोन रुंद इलॅस्टिक पट्ट्यानं स्वतःच्या छातीला बांधा आणि खुर्चीत बसून डावी-उजवीकडे कला. अर्ध्या तासात जे कळेल ते दहा व्हिडिओ पाहून कळणार नाही. रुग्णासाठी मात्र फोन जड पडतो. तो लोंबतो, आणि लोंबण्याचाही कोन मोजला जातो.

स्वतः जोडणी करायची असेल तर एमपीयू-६०५० ही चिप असलेला छोटा बोर्ड (दुकानात तो जीवाय-५२१ या नावानं मागा) आणि ईएसपी-३२ बोर्ड (सेन्सरच्या नोंदी वाचून वायफायवर पाठवणारा छोटा संगणक) पुरे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत दोन्ही सहज मिळतात. थोडा जास्त खर्च चालत असेल तर बॉशची बीएनओ-०५५ चिप घ्या. ती आतल्या आत गणित करून थेट दिशाच देते, नवशिक्याचा बराच त्रास वाचतो.

जोडणीच्या दोन-तीन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एमपीयू-६०५० चा पत्ता, म्हणजे बोर्ड त्याला ज्या क्रमांकानं हाक मारतो तो, ६८ (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातला आकडा) असतो. एडी-शून्य ही पिन ३.३ व्होल्टला जोडली की तो ६९ होतो. म्हणून एकाच वायरवर असे दोन सेन्सर बसतात, तिसरा बसत नाही. माकडहाडाच्या वरून मानेपर्यंत वायर नेली तर ती अर्ध्या मीटरच्या पुढे जाते. एवढ्या लांब वायरीवर हा संपर्क अडखळतो, तेव्हा वेग १०० किलोहर्ट्झवर ठेवा आणि वायर पाठीला धरून ठेवा, लोंबू देऊ नका. बाजारात नकली चिप्सही फिरतात. बोर्ड टेबलावर सपाट ठेवून ±२ जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण) मर्यादेत वाचन घ्या. वरच्या अक्षावर १६,३८४ च्या आसपास आकडा आणि बाकी दोन अक्षांवर शून्याजवळचं काही आलं तर ठीक. फार लांबचं आलं तर तो बोर्ड बाजूला ठेवा.

सुरक्षेचं एक पक्कं लक्षात ठेवा. यंत्र रुग्णाच्या अंगावर असताना ते चार्जिंगला लागलेल्या लॅपटॉपला वायरनं जोडायचं नाही. बॅटरी आणि वायफाय किंवा ब्लूटूथ, एवढंच. बॅटरी अंगावर असताना चार्ज करायची नाही, आणि संवेदना गेलेल्या बाजूवर ती ठेवायचीच नाही. गरम झाली तरी रुग्णाला कळणार नाही.

आत काय चालतं, थोडक्यात

या चिपमध्ये दोन मोजमापं असतात. ॲक्सिलरोमीटर हा गवंड्याच्या ओळंब्यासारखा आहे: तो स्थिर असला की पृथ्वीची ओढ कुठल्या दिशेला आहे ते बिनचूक सांगतो. धड १० अंश कललं की आडव्या अक्षावर गुरुत्वाकर्षणाचा साधारण ०.१७ हिस्सा दिसतो, त्यावरून कोन निघतो. पण रुग्ण खोकला, हलला, कुणी पलंगाला धक्का दिला की तोही झोके घेतो.

जायरोस्कोप कोन मोजत नाही, कोन बदलण्याचा वेग मोजतो. धक्क्यांचा त्याला त्रास नाही, पण तो हळूहळू वाहवत जातो. बसल्या जागी सेकंदाला ०.१ अंश एवढीच चूक राहिली तरी मिनिटाला ६ अंश होतात. म्हणजे दोन मिनिटांत सरळ बसलेला माणूस तुमच्या पडद्यावर १२ अंश कललेला दिसेल.

दोघांचं चांगलं तेवढं घ्यायचं. त्याचं सर्वात सोपं सूत्र असं:

नवा कोन = ०.९८ × (जुना कोन + जायरोचा वेग × दोन नोंदींमधला वेळ) + ०.०२ × ॲक्सिलरोमीटरचा कोन

याला कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणतात. सेकंदाला ५० नोंदी घेतल्या तर या आकड्यांनी सेकंदभराच्या आतल्या हालचालीत जायरोचं ऐकलं जातं आणि त्याहून संथ गोष्टींत ॲक्सिलरोमीटरचं. बसण्याच्या मोजणीला एवढं भरपूर आहे. पुढे सेबॅस्टियन मॅजविक यांचा २०१० चा फिल्टर आहे, तोही वापरायला सोपा, कोड खुला मिळतो. पहिल्याच दिवशी त्यात शिरायची गरज नाही.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्राचा सेन्सर, चिपमध्ये असेल तर बंद ठेवा. पुढे-मागे किंवा बाजूला कलणं मोजायला त्याची गरजच नसते. त्यात दवाखान्यातले पलंग लोखंडी, चाकाची खुर्ची लोखंडी, भिंतीत सळ्या. बीएनओ-०५५ वापरत असाल तर तिला नऊ अक्षांच्या एनडीओएफ मोडवर न ठेवता मॅग्नेटोमीटर वगळणाऱ्या आयएमयू मोडवर ठेवा. याची किंमत एवढीच की उभ्या अक्षाभोवतीचं वळणं, म्हणजे बसल्या बसल्या मागे वळून पाहणं, भरवशानं मोजता येणार नाही.

चिकटवायचं कुठे आणि कसं

इंजिनिअर मंडळींनी हा भाग थेरपिस्टच्या हाताखाली शिकावा. हाड बोटानं शोधणं पुस्तकात वाचून येत नाही.

बाजूला कलणं किंवा पुढे झुकणं मोजायचं असेल तर छातीच्या मधल्या हाडाचा वरचा सपाट भाग ही उत्तम जागा. तिथे हाड कातडीखालीच असतं, मध्ये स्नायूंचा थर फारसा नसतो. अडचण श्वासाची. श्वासाबरोबर हाड हलकं वर-खाली होतं आणि कोन त्या तालात डुलतो. पाच-दहा सेकंदांची सरासरी घेतली की डुलणं निघून जातं.

कंबरेसाठी दोन जागा लागतात. कमरेखाली पाठीला जे दोन खळगे दिसतात, त्यांना जोडणारी रेषा सॅक्रमच्या (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाच्या) दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर येते. खालचा सेन्सर तिथे. वरचा सेन्सर छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्या ठिकाणी. मणके मोजायला दोन खुणा धरा. हात खाली सोडून उभं राहिलं की खवाट्याचं खालचं टोक साधारण सातव्या छाती-मणक्यासमोर येतं. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची वरची कड जोडली की ती रेषा चौथ्या कंबर-मणक्याच्या आसपास जाते. दोन्ही बाजूंनी मोजून मधला मणका जुळतो का पाहा. वरच्या सेन्सरचा कोन वजा खालच्या सेन्सरचा कोन, म्हणजे कमरेतला वाक. खालच्याचा एकट्याचा बदल म्हणजे खुब्यातून आलेला वाक.

वरच्या पाठीला तिसरा बिंदू हवाच असेल तर मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे ठळक हाड लागतं तिथून सुरुवात करा.

आता चिकटवणं. एकदा जवळून पाहा. कातडी स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्या. तेल लावलेलं असेल (मालीश चालू असलेल्या रुग्णांना हटकून असतं) तर आधी साबणाच्या पाण्यानं पुसा. दुहेरी वैद्यकीय टेप बोर्डाच्या डबीला लावा, डबी हाडावर दाबून धरा, मग वरून मायक्रोपोरची पट्टी आडवी. पट्टी लावताना रुग्णाला थोडं पुढे वाकवा. सरळ बसवून ताणून लावली तर वाकताना ती कातडी ओढते आणि सेन्सर हाडाबरोबर न जाता कातडीबरोबर सरकतो. लावल्यावर डबीच्या कडेनं पेननं कातडीवर चार कोपऱ्यांच्या खुणा करा. एप्रिल-मेच्या घामात, त्यातून कोकणात, टेप तासाभरात सुटायला लागतो. खुणा पाहिल्या की सरकला किंवा नाही ते लगेच कळतं.

वयस्कर रुग्णांची कातडी पातळ असते. टेप झटक्यात ओढायचा नाही, कातडी एका हातानं दाबून हळू सोडवायचा. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत काढल्यावर लालसरपणा पाहून नोंद करायची. पेसमेकर असेल तर लोहचुंबकाचं बक्कल असलेला पट्टा वापरायचा नाही.

स्त्री रुग्णांचं वेगळं सांगायला हवं, कारण प्रोजेक्टमध्ये हे कुणी लिहीत नाही. छातीवरचा सेन्सर लावायला आणि काढायला स्त्री सहकारी असावी, पडदा असावा, आणि आधी काय करणार ते सांगावं. साडीच्या निऱ्या आणि परकराची नाडी नेमकी कमरेवरच्या सेन्सरच्या जागेवर येते. नाडीखाली दाबला गेलेला सेन्सर वाकताना नाडीचा कोन सांगतो. गाऊन किंवा सैल नाडीचा पायजमा घालायला सांगा. ते जमत नसेल तर प्रश्न बदला आणि छातीवरच्या एकाच सेन्सरवर भागवा. कपड्यावरून लावलेल्या सेन्सरच्या आकड्यांवर उपचार ठरवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

शून्य

सेन्सर लावला. तो छातीच्या उतारामुळे मुळातच थोडा मागे झुकलेला आहे, थोडा तिरकाही लागला असेल. म्हणून सगळेजण एक करतात: रुग्णाला सरळ बसवतात, पाच सेकंदांचं वाचन घेतात आणि त्याला शून्य म्हणतात. निरोगी माणसावर हे चालतं.

पक्षाघाताच्या रुग्णावर थांबून विचार करा. जो माणूस सरळ बसू शकत नाही म्हणून आपण मोजायला आलो, त्यालाच "सरळ बसा" म्हणून त्या स्थितीला शून्य धरायचं? तो डावीकडे सात अंश कललेला असेल तर ते सात अंश शून्यात गडप होतील. मग तो सुधारून खरोखर सरळ बसू लागला की आलेखावर उजवीकडे सात अंश कललेला दिसेल. रुग्ण बरा होतोय आणि यंत्र बिघाड दाखवतंय.

त्याहून अवघड रुग्ण असतात ते 'पुशर' लक्षणांचे. हे रुग्ण चांगल्या बाजूच्या हातानं स्वतःला लुळ्या बाजूकडे ढकलत राहतात आणि सरळ करायला गेलं की जोरानं विरोध करतात. जर्मन मेंदूविकारतज्ज्ञ हान्स-ओटो कारनाथ यांनी २००० साली सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं की डोळे मिटून अशा रुग्णांना आपलं अंग उभं वाटतं, तेव्हा ते प्रत्यक्षात मेंदूला इजा झालेल्या बाजूकडे, म्हणजे लुळ्या अंगाच्या उलट बाजूला, सुमारे १८ अंश कललेलं असतं. त्याच रुग्णांना डोळ्यांनी पाहिलं तर उभी रेघ उभीच दिसते. म्हणजे अंगाला वाटणारं सरळ चुकलेलं, डोळ्याला दिसणारं सरळ शाबूत. अशा माणसाला "तुम्हाला सरळ वाटतं तसे बसा" म्हणून शून्य घेणं किती धोक्याचं, ते सांगायला नको.

मग शून्य कसं घ्यायचं? मी ही पद्धत सुचवतो.

दोन जण लागतात. रुग्ण पाठ न टेकता, पाऊल पूर्ण जमिनीवर टेकवून, गुडघे काटकोनात ठेवून बसलेला. पलंग उंच असेल आणि पाय लोंबत असतील तर पायाखाली स्टूल द्या. लोंबत्या पायांनी बसलेल्या माणसाचं धड वेगळंच वागतं आणि उद्याच्या नोंदीशी तुलना होणार नाही. एक थेरपिस्ट मागून दोन्ही बाजूंनी बरगड्यांना धरून रुग्णाला मध्यावर आणतो. दुसरा समोरून पाहतो: छातीच्या हाडाची खाच आणि बेंबी उभ्या रेषेत, कमरेच्या दोन्ही हाडांच्या कडा सारख्या उंचीवर. धरून ठेवलेल्या त्या स्थितीत पाच सेकंद वाचन घ्यायचं. हे शून्य थेरपिस्टच्या हातांचं आहे, रुग्णाच्या भावनेचं नाही.

त्याचबरोबर गुरुत्वाकर्षणाशी असलेला मूळ कोन, शून्य न वजा करता, वेगळ्या स्तंभात नेहमी साठवा. उद्या शून्याबद्दल शंका आली तर मागे जायला हाच एक रस्ता उरतो. शून्य कुणी घेतलं, रुग्ण कशावर बसला होता, पाय कुठे होते, हे तीन शब्दांत का होईना, नोंदीत लिहा. जमलं तर त्या क्षणी बाजूनं आणि समोरून फोटो काढा, अर्थात संमती घेऊन, चेहरा वगळून.

शून्य घेतल्यावर रुग्णाला दोन-तीनदा हळू पुढे झुकवा आणि परत आणा. या हालचालीत बाजूच्या कोनाचा आलेख जवळपास सपाट राहायला हवा. पुढे झुकताना बाजूचा कोनही मोठ्या प्रमाणात बदलत असेल तर एक तर सेन्सर तिरका लागला आहे, नाहीतर रुग्ण खरोखरच वळून झुकतो आहे. थेरपिस्टच्या डोळ्यांनी यातलं कुठलं ते ठरवा. तिरका असेल तर काढून पुन्हा लावा, सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करत बसू नका.

आपल्याकडचा आणखी एक मुद्दा. पुष्कळ रुग्ण घरी खुर्चीवर बसतच नाहीत, मांडी घालून बसतात. जेवण, पूजा, भाजी निवडणं सगळं जमिनीवर. मांडी घातली की ओटीपोटाचं हाड मागे फिरतं आणि कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते. खुर्चीवर घेतलेलं शून्य तिथे लावलं तर तासनतास "पोक काढून बसले" असा शेरा यंत्र देईल. घरची बैठक मोजायची तर मांडी घातलेल्या स्थितीचं शून्य वेगळं घ्या आणि दोन्ही नोंदी एकमेकींत मिसळू नका.

पडताळून पाहा

रुग्णावर वापरण्याआधी, आणि नंतरही महिन्यातून एकदा. सर्वात सोपी चाचणी टेबलावरची: फळीला बिजागरी लावा, कोनमापकानं १०, २०, ३० अंश करा, सेन्सर काय सांगतो ते लिहा. एका अंशाच्या आत यायला हवं. मग सेन्सर फळीवर वीस मिनिटं तसाच ठेवा आणि आकडा सरकतो का पाहा.

अंगावरची चाचणी याहून कडक लागते. थेरपिस्टच्या गोनिओमीटरशी (सांध्याचा कोनमापक) किंवा इन्क्लिनोमीटरशी (कल मोजायचं उपकरण) तुलना करा, आणि मुख्य म्हणजे सेन्सर पूर्ण काढून, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा लावून घेऊन तीच हालचाल मोजा. दोन लावण्यांत जो फरक येतो तीच तुमच्या पद्धतीची खरी अचूकता, चिपच्या माहितीपत्रकातली नव्हे. हालचाल-विश्लेषणाच्या क्षेत्रात ५ अंशांपेक्षा मोठी चूक उपचाराचा निर्णय भरकटवू शकते असं मानलं जातं. तुमचा फरक ६ अंश येत असेल तर "या आठवड्यात ४ अंश सुधारणा" असं रुग्णाच्या घरच्यांना सांगू नका.

इशारा कधी, कसा

रुग्ण कलला की गुर्र करणारा पट्टा सगळ्यांना आवडतो. पहिल्या दिवशी रुग्ण दचकून सरळ होतो, चौथ्या दिवशी त्याला त्या गुरगुरीचा वैताग येतो, दुसऱ्या आठवड्यात पट्टा खुंटीला.

काही साध्या गोष्टी पाळल्या तर हे टळतं. मर्यादा ओलांडल्याबरोबर इशारा द्यायचा नाही. सलग दहा-पंधरा सेकंद बाहेर राहिला तरच द्यायचा. चमचा पडला म्हणून वाकलेल्या माणसाला यंत्रानं ओरडू नये. मर्यादा पुस्तकातली न घेता रुग्णाच्या आजच्या क्षमतेच्या जरा पुढची घ्यायची आणि दर आठवड्याला थेरपिस्टनं आवळायची. कंपनाची मोटर संवेदना शाबूत असलेल्या बाजूला लावायची.

आणि इशारा हळूहळू कमी करायचा. प्रत्येक वेळी बाहेरून सांगितलं गेलं तर शिकणारा त्या सांगण्यावर विसंबतो आणि ते बंद झालं की कौशल्यही जातं, हे हालचाल शिकण्याच्या अभ्यासातून १९८४ पासून मांडलं जात आहे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वेळी, नंतर एकाआड एक, मग फक्त सत्राच्या शेवटी एकदा आकडा दाखवायचा. इशारा देण्याआधी रुग्णालाच विचारायचं, "आत्ता तुम्ही कुठल्या बाजूला आहात?" त्याचं उत्तर आणि यंत्राचा आकडा यांतलं अंतर कमी होत जाणं ही सुधारणेची फार बोलकी खूण आहे, तिचीही नोंद ठेवा.

पुशर रुग्णांना गुरगुर किंवा आवाजापेक्षा पडदा चांगला. त्यांची नजर शाबूत आहे, तिचा फायदा घ्या. समोर टॅबवर एक जाड उभी रेघ आणि धडाच्या कोनानुसार कलणारी दुसरी रेघ. दोन रेघा जुळवा, एवढंच सांगायचं. सेन्सर नसेल तर दाराची चौकटही हेच काम करते, आणि थेरपिस्ट ती वर्षानुवर्षं वापरत आले आहेत.

कंबरदुखीच्या रुग्णांबाबत सावध राहा. एकच आदर्श बैठक असते आणि तिच्यापासून ढळलं की पाठ दुखते, याला भक्कम पुरावा नाही. यंत्रानं दिवसभर "ताठ बसा" म्हणून धाक घातला तर आधीच घाबरलेला रुग्ण पाठ आणखी आखडून ठेवतो. अशा रुग्णाला कोनापेक्षा एकाच स्थितीत सलग किती वेळ गेला ते दाखवा आणि अर्ध्या तासानं उठायची आठवण द्या.

नोंदी, संमती, कायदा

एका सेन्सरचे सहा अक्ष, प्रत्येकी दोन बाइट, सेकंदाला ५० वेळा म्हणजे तासाला साधारण २.१६ एमबी. आठ तासांत सतरा एमबी. साध्या मेमरी कार्डात महिने मावतील, म्हणून कच्ची नोंद टाकून देऊ नका. थेरपिस्टला मात्र सेकंदागणिक एक सरासरी पुरते.

ही माणसाच्या शरीराची माहिती आहे. तो कधी झोपला, कधी उठला, संडासला किती वेळ लागला, सगळं त्यात दिसतं. फाइलवर नाव न लिहिता क्रमांक लिहा, क्रमांक-नावाची वही कुलपात ठेवा. फुकटच्या क्लाउडवर टाकण्याचा मोह टाळा. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्यात संमती स्पष्ट आणि मागे घेता येण्याजोगी असावी लागते. संमतीपत्र मराठीत असू द्या आणि वाचून दाखवा. बोलणं गेलेल्या रुग्णाचं काय करायचं ते नातेवाइकांशी आधीच ठरवा, पण रुग्णानं मान फिरवली किंवा हात झटकला तर तो नकार समजा.

अभ्यास म्हणून करत असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी लागते, नंतर नाही. बनवलेलं यंत्र उपचारासाठी म्हणून विकायचं मनात असेल तर ते वैद्यकीय उपकरण ठरतं. १ एप्रिल २०२० पासून अशी सगळी उपकरणं, सॉफ्टवेअरसह, २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली आली आहेत. कॉलेजातला प्रोजेक्ट आणि बाजारातला माल यांत हे मोठं अंतर आहे.

अहवाल कसा वाचायचा

आठवड्याच्या शेवटी थेरपिस्टच्या हातात एकच पान द्या. त्यात तीन गोष्टी असाव्यात: सरासरी कल, मर्यादेबाहेर गेलेल्या वेळेचं प्रमाण, आणि सावरायला लागणारा वेळ, म्हणजे मर्यादा ओलांडल्यापासून आत येईपर्यंतचे सेकंद. माझ्या अनुभवात हा तिसरा आकडा आधी हलतो. कल तसाच दिसतो, पण रुग्ण लवकर परत येऊ लागतो. केवळ सरासरी पाहणाऱ्याच्या हे नजरेतून सुटतं. सरासरीचा आणखी एक धोका: निम्मा वेळ डावीकडे दहा अंश आणि निम्मा वेळ उजवीकडे दहा अंश डोलणाऱ्या रुग्णाची सरासरी शून्य येते. म्हणून डावी आणि उजवी बाजू वेगळी मांडा.

हे पान ट्रंक इम्पेअरमेंट स्केलच्या (बसून धडाचा ताबा तपासणारी थेरपिस्टची चाचणी) २३ पैकी गुणांशेजारी ठेवा. दोन्ही सोबत वाढत असतील तर छान. सेन्सर सुधारणा दाखवतो आणि गुण हलत नाहीत, असं झालं तर आधी सेन्सरवर संशय घ्या: शून्याची नोंद काढा, कातडीवरच्या खुणांचा फोटो पाहा, त्या दिवशी पाय टेकलेले होते का ते तपासा. सगळं बरोबर निघालं तर थेरपिस्टला दाखवा. कदाचित रुग्ण चांगल्या हातानं गादी घट्ट धरून सरळ बसत असेल. छातीवरच्या सेन्सरला हात दिसत नाही. त्या दिवशी दोन्ही हात मांडीवर ठेवून पाच मिनिटांची नोंद पुन्हा घ्या, आणि तिथून पुढे दर वेळी हात कुठे होते तोही एक रकाना अहवालात वाढवा.